खिडकीकडचा हात

माझा उजवा पाय माझ्या ताब्यात नाही. नाटक बघताना, जेवताना, कोणी जरा भरभर बोलू लागलं तरी तो आपोआप पुढे जातो आणि जमीन दाबतो. मी गाडी शिकवते. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो माझा. शिकणाऱ्याला वाटतं गाडी तो थांबवतोय. पंधरा-वीस वर्षं मी लोकांना असं वाटू दिलं आणि त्याबद्दल पगार घेतला. शिकून गेलेले लोक मला ब्रेकबाई म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चालते.

माझा पहिला नवरा प्रेमाने म्हणत नसे. घटस्फोटाच्या वेळी त्याने वकिलाला सांगितलं, "ही शेजारी बसली की मला माझ्याच घरात शिकाऊ असल्यासारखं वाटतं." वकील खो खो हसला. मीही हसले. मग लक्षात आलं, वकील माझा होता.

दुसरा नवरा मला लिफ्टमध्ये मिळाला. म्हणजे मी लिफ्टमध्ये होते आणि तो वर होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून मी घामाघूम झाले होते, तेव्हा वरून एक शांत आवाज आला, "बाई, घाबरू नका. फक्त कशालाही हात लावू नका." मी तोवर सगळी बटणं दाबून मोकळी झाले होते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सबुरीची सवय असते. पुढे तीच सबुरी त्याला जन्मभर पुरवून वापरावी लागणार होती, पण हे त्याला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

त्याची बायको फार पूर्वी वारली होती. त्याला एक मुलगी, मला एक मुलगी. लग्न म्हणजे काय, तर एका सहीनिशी माझी एकुलती एक चौदा वर्षांची पोर धाकटी झाली आणि त्याची अठराची थोरली. धाकटी नवऱ्याला काका म्हणते, थोरली मला मावशी म्हणते. थोडक्यात, आमच्या घरात एक काका आणि एक मावशी राहतात आणि ते एकमेकांचे नवरा-बायको आहेत. पाहुण्यांना हे समजावता समजावता चहा गार होतो.

थोरलीला लिहिलेलं वाचायला वेळ लागतो. अक्षरं तिच्यासमोर जागा बदलतात, घड्याळाचे काटे तिला काही सांगत नाहीत आणि डावं कुठलं, उजवं कुठलं हे तिला सांगता येत नाही. डॉक्टरांनी ह्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. नवरा म्हणाला, "ते नाव सोड. तिचं बटण बरोबर दाबलं जातं, दार भलत्या मजल्यावर उघडतं, एवढंच." शाळेने मात्र तिला 'प्रयत्न करत नाही' असं म्हणत म्हणत मोठं केलं आणि एक दिवस तिने खरंच प्रयत्न करणं सोडलं आणि शाळाही.

तिला वाढवलं होतं आत्याने. आत्या म्हणजे माझी नणंद, दुसऱ्या गावात राहते, एकटी. थोरलीच्या बुटाच्या नाड्या ती अजूनही बांधायची. लग्नानंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी बढाई मारली, "मी पुलावर डोळे मिटून घेणाऱ्या माणसाला गाडी शिकवली आहे. हिला शिकवणं काय अवघड आहे!"

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या गाडीला दोन ब्रेक असतात, वहिनी. माझ्या पोरीला एकही नाही."

मला तो टोमणा झोंबला. मी तो मनात घोळवत बसले आणि इथूनच सगळं सुरू झालं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लाँड्री आहे. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे पडदे तिथे धुतले जातात. तिथे दरवर्षी काही मुलामुलींना काम शिकायला घेतात. थोरली एकदा बाबांबरोबर तिथे गेली होती, तो लिफ्ट दुरुस्त करायला गेला तेव्हा. तिथून ती परतली ती एकच गोष्ट बोलत : "तिथे सगळ्यांना निळा कोट मिळतो. खिशावर बटण असतं."

तिला चादरींच्या घड्या घालायला आवडतात. घरी ती आणि धाकटी चादरीची दोन-दोन टोकं धरतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात. भांडण झालं असेल तर त्या चालत येताना एकमेकींकडे बघत नाहीत, पण घडी तरीही सरळ येते. लाँड्रीच्या सुपरवायझर बाईंनी तिची घडी पाहिली आणि म्हणाल्या, "घेते. फक्त एक अट. एकटीने यायचं, एकटीने जायचं. सोडायला-न्यायला कोणी नको. पालक दाराशी आले की मुलं काम विसरतात आणि आमची मशिनं त्यांच्याकडे बघत बसतात."

आत्याला फोनवर हे कळलं. ती म्हणाली, "एक महिना बघा. नाही जमलं तर मी घेऊन जाते तिला. माझ्याकडे निदान हरवणार तरी नाही."

थोरली शेजारीच होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आत्याकडे मी काय करणार?"

"काय करायचीस आधी?"

"मटार सोलायचे. टीव्ही बघायचा. मटार नसले की नुसता टीव्ही."

एवढंच. तिने डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की ही पोर लाँड्रीत जाणार. आता ह्यात तिची काळजी किती आणि आत्याला दाखवून देण्याची खुमखुमी किती, ह्याचं माप माझ्याकडे नाही. असतं तरी मी दाखवलं नसतं.

वाट तशी सोपी. आमच्या कोपऱ्यावरून एकच बस जाते. शेवटच्या स्टॉपवर सगळेच उतरतात, तेव्हा चुकायचा प्रश्न नाही. पुढे चौक येतो. चौकात उजवीकडे वळलं की सरळ गेल्यावर लाँड्री. म्हणजे सगळं घोडं अडलं होतं ते एका वळणावर, आणि वळणं शिकवणं हाच माझा धंदा.

मी कंबर कसली. जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी चौक झाली, चमचा बस झाला. "हे डावं, हे उजवं. लिहितेस तो हात उजवा." थोरली दोन्ही हातांनी लिहिते, तितकंच वाईट. मग मी तिच्या उजव्या मनगटात लाल दोरा बांधला. तो तिला टोचला, तिने काढून दुसऱ्या हातात बांधला. मग मी घरातल्या घरात ओरडायला लागले, "उजवीकडे वळ! अगं उजवीकडे!" थोरली वळायची, धाकटी वळायची, सवयीने नवराही वळायचा, आणि माझा पाय फरशीवर आपटायचा. तीन आठवडे गेले. घरातल्या सगळ्यांना उजवीकडे वळता येऊ लागलं, एक सोडून.

"आई, तू ओरडलीस की तिला काहीच कळत नाही," धाकटी म्हणाली.

"तुला जमतंय ना शिकवायला? मग शिकव तूच!"

हे मी रागात म्हटलं. रागात बोललेल्या बऱ्याच गोष्टींसारखं तेही कोणीतरी ऐकलं, हे मला पुढे कळलं.

दोघींची खोली एकच. आधी माझ्या धाकटीला स्वतःची खोली होती, ह्याची ती मला दिवसातून एकदा आठवण करून द्यायची, औषधासारखं. भांडणं इतकी झाली की मी फरशीवर पलंगांच्या मधोमध रंगीत चिकटपट्टी लावली. पट्टीच्या एका बाजूला थोरलीचा पलंग आणि खिडकी. दुसऱ्या बाजूला धाकटीचा पलंग आणि कपाट. खिडकी थोरलीला का, तर ती मोठी. धाकटीचा चेहरा त्यानंतर कायमचा कपाटाकडे.

चौथ्या आठवड्यात चमत्कार झाला. मी सहज परीक्षा घ्यायला म्हटलं, "चौकात आलीस, आता कुठे?" थोरलीने क्षणभर डोळे मिटले आणि उजवीकडे बोट केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा उजवीकडे. तिला गोल फिरवून विचारलं. उजवीकडेच! मी नवऱ्याला हाक मारली. मी आत्याला फोन केला. मी म्हणाले, "पद्धत लागते, वन्सं. पद्धत." माझ्या लाल दोऱ्याचा विजय झाला होता. दोरा त्या वेळी कचऱ्याच्या डब्यात होता, पण त्याने काय होतं.

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, आनंदाने.

सोमवारी पहिला दिवस. रविवारी माझ्या अंगात न्यायाधीश संचारला. मला वाटलं, थोरलीला एवढं काही मिळतंय, नवं काम, निळा कोट, घरादाराचं कौतुक. आणि माझी धाकटी कपाटाकडे तोंड करून पडलेली. दोन्ही मुली सारख्या. सावत्र आई म्हणून नावं ठेवून घ्यायची नाहीत आणि सख्खी आई म्हणूनही नाहीत. मी जाहीर केलं, "आजपासून खिडकी धाकटीची. दर काही महिन्यांनी बदलायची."

धाकटी उडीच मारून उठली. थोरली म्हणाली, "चालेल," आणि उशी उचलली. ती कुठल्याही गोष्टीला आधी चालेल म्हणते. नवरा आणि मी पलंग ओढले. थोरलीचा पलंग कपाटाशी नेला तर त्याच्या उशाकडच्या रुंद फळीमुळे कपाटाचं दार उघडेना. "मग उशा पलीकडच्या भिंतीला करू दोघींच्या," मी म्हणाले. आम्ही दोन्ही पलंग फिरवले. पट्टी सरळच होती. मी हात झटकले. काय न्याय, काय मांडणी! माझ्या हातून घडलेलं इतकं नेटकं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

सोमवारी सकाळी थोरली डबा घेऊन निघाली. दारात तिने नाड्या स्वतः बांधल्या. गाठ मोठी झाली, पण गाठ होती. "कोणी मागे यायचं नाही," ती म्हणाली. "अट आहे."

"छे, मागे कोण येणार!" मी म्हणाले.

आता खरं सांगायचं तर त्या सकाळी माझी एक शिकवणी होती. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांची. जन्मभर लोकांना 'घाबरू नका, दुखणार नाही' सांगणारा हा माणूस स्टिअरिंगला हात लावला की 'आई गं' म्हणतो. त्यांची शिकवणी मी बसच्या वेळेला ठेवली होती आणि बसच्याच रस्त्यावर. निव्वळ योगायोग. तो जुळवून आणायला मला चार फोन करावे लागले होते.

मी किल्ली उचलली, तर मोरीतून तोंडात ब्रश घेऊन धाकटी धावत आली. चेहरा पांढरा.

"आई, पलंग!"

"पलंगाचं काय?"

"तिला उजवं-डावं येत नाही, आई. कधीच नाही आलं. मी तिला सांगितलं होतं, डोळे मीट आणि समज तू तुझ्या पलंगावर उताणी झोपली आहेस. ज्या हाताला खिडकी, तिकडे वळायचं. खिडकीकडचा हात आणि कपाटाकडचा हात. तिला ते एकदम यायला लागलं."

खिडकी तिच्या उजव्या हाताला होती, कालपर्यंत. आम्ही उशा फिरवल्या. आज झोपून उठली तेव्हा खिडकी डाव्या हाताला होती.

"मग काल का नाही बोललीस, कार्टे?"

धाकटीच्या हनुवटीवरून फेस ओघळत होता. "मला खिडकी मिळाली ना... मी विसरले. म्हणजे आधी विसरले. मग रात्री आठवलं, पण मला वाटलं, बहुतेक तिला येईल." आणि ती रडायला लागली, ब्रश तोंडात तसाच ठेवून.

तिला रागवायला वेळ नव्हता, आणि तोंडही नव्हतं. मी पळाले.

बस कोपऱ्यावरून सुटत होती. डॉक्टर माझ्या गाडीपाशी ताठ उभे राहून माझीच वाट बघत होते. मी त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं. "त्या बसच्या मागे," मी म्हणाले.

"पाठलाग?" त्यांचा आवाज चिरकला.

"सराव. जड वाहनाच्या मागे अंतर ठेवून चालवण्याचा सराव."

बस थांबली की आम्ही थांबायचो. बस सुटली की डॉक्टरांच्या हातातली गाडी दोनदा उचकी देऊन बंद पडायची, मग सुटायची. बसच्या ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी जन्मात विसरणार नाही. मी सीटमध्ये खाली सरकले, दिसू नये म्हणून. डॉक्टरही सरकले. "तुम्ही कशाला वाकता? रस्ता बघा!" माझ्या डोक्यात एवढाच विचार होता की चुकली तर आत्या येणार, बॅग भरणार, आणि पुन्हा ते मटार. आणि ते सगळं मी माझ्या हातांनी, पलंगाचे पाय धरून ओढत आणलेलं.

शेवटचा स्टॉप आला. सगळ्यांबरोबर थोरली उतरली. डबा छातीशी धरून चौकापर्यंत गेली. उभी राहिली. डोळे मिटले. मला गाडीतून तिच्या मिटलेल्या पापण्या दिसल्यासारख्या वाटल्या. मग डोळे उघडून ती डावीकडे वळली आणि ऐटीत चालायला लागली.

"वळवा! डॉक्टर, डावीकडे वळवा!"

डॉक्टरांनी गाडी चौकाच्या मधोमध आणली, 'आई गं' म्हणाले, आणि गाडी बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. डॉक्टरांनी वायपर चालू केले. मग डावा दिवा, मग उजवा दिवा, मग पाण्याचा फवारा. एवढ्या गोंगाटात चौकातला प्रत्येक माणूस आमच्याकडे वळून बघायला लागला, आणि अर्थात थोरलीही.

ती परत आली. काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. लपायला मी जितकी खाली सरकले होते तिथून वर येणं ही एक वेगळीच कसरत होती.

"मावशी, गाडी बंद पडली? बाबांना बोलवू का?"

"नको गं. हे डॉक्टर शिकतायत. सहज इकडे आलो होतो."

डॉक्टर सज्जन माणूस. दातवाल्याला खोटं बोलायची सवय नसावी, किंवा एकाच खोट्याची असावी. ते म्हणाले, "आम्ही बसच्या मागेच होतो, बाळ."

"मला माहितीये," थोरली म्हणाली. "मी मागच्या सीटवर बसले होते. पहिल्या स्टॉपपासून दिसत होता तुमचा बोर्ड."

आमच्या गाडीच्या टपावर एक पिवळाधमक बोर्ड असतो. चुलीच्या धुराड्यासारखा उभा. कोणाचाही चोरून पाठलाग करायला निघालेल्या बाईने हा बोर्ड आधी काढला असता. मी पंधरा-वीस वर्षं त्याच्याखाली बसते, त्यामुळे मला तो दिसतच नाही.

"आणि त्यावर लिहिलंय 'अंतर ठेवा'," ती म्हणाली. "तूच वाचून दाखवलं होतंस."

मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ज्या रस्त्याने ती निघाली होती तिकडे.

"म्हणजे मी चुकले ना?"

"अगं, त्याचं असं झालं की पलंग..."

"सांगू नको!" ती एवढ्या जोराने ओरडली की डॉक्टरांनी हॅंडब्रेक ओढला. "तू सांगितलंस तर मी एकटी आले असं होणार नाही. मग कोट नाही मिळणार."

"बरं. नाही सांगत."

"पलंग फिरवलात तुम्ही. आता दोन खिडक्या झाल्यात माझ्या डोक्यात. एक इकडे, एक तिकडे. कुठली खरी ते कळत नाही."

ती पुन्हा फुटपाथवर जाऊन उभी राहिली. डोळे मिटले. उघडले. मिटले. मला वाट माहीत होती. माझ्या जिभेच्या शेंड्यावर ती होती. चौकात नुसती मान जरी त्या बाजूला वळवली असती तरी पुरलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि समोर बघत बसले, शिकणाऱ्यांच्या परीक्षेच्या दिवशी गप्प राहावं लागतं तसं. त्या दिवशी आम्हा शिकवणाऱ्यांना गाडीत बसूच देत नाहीत. मैदानाच्या भिंतीपाशी उभं करतात. तिथे उभं राहून मी आजवर किती सिमेंट दाबलं असेल!

"अहो, सांगा की तिला," डॉक्टर कुजबुजले.

"गप्प बसा."

थोरलीने डोळे उघडले आणि मला हाक मारली. "मावशी, विचारलं तर चालतं?"

"कोणाला?"

"कोणालाही. तुला सोडून."

गंमत बघा. मी तिला बस शिकवली, चौक शिकवला, लाल दोरा बांधला. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हेही मीच शिकवलं, आणि हे एकच तिने पहिल्या झटक्यात पाठ केलं होतं. जगातली सगळी माणसं, मी धरून, वाट चुकली की जे करतात, ते तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

"चालतं," मी म्हणाले.

एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. खरं तर कुत्रं त्यांना फिरवत होतं. थोरली त्यांच्यापाशी गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. आजोबांनी काठी उचलली आणि उजव्या रस्त्याकडे लांब करून दाखवली. थोरलीने काठीच्या टोकाकडे पाहिलं, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि चालायला लागली. थोडी पुढे जाऊन ती थांबली, मागे वळली. मला वाटलं हात करणार. तिने तळहात पुढे करून मला थोपवलं, मी चालकांना थोपवते तसं. मग गेली.

डॉक्टरांनी हॅंडब्रेक सोडून गाडी चालू केली. गाडी गुरगुरली, पण हलेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मागचा ट्रकवाला खाली उतरून आमच्याकडे यायला लागला होता.

"बाई," डॉक्टर अतिशय अदबीने म्हणाले, "पाय काढता का? तुमचा ब्रेक दाबलेला आहे."

संध्याकाळी ती बसने आली, एकटी. अंगात निळा कोट. बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. दारातच तिने खिशाचं बटण उघडून दाखवलं, लावून दाखवलं.

"उशीर झाला का पोहोचायला?" नवऱ्याने विचारलं.

"झाला. बाईंनी विचारलं, एकटी आलीस? मी म्हणाले, मावशी मागे होती, पिवळा बोर्ड लावून, पण वाट तिने नाही सांगितली. कुत्र्याच्या आजोबांनी सांगितली."

"मग?"

"मग त्या हसल्या. म्हणाल्या, उद्यापासून मागेही कोणी नको. आणि मावशीला म्हणावं, बोर्ड काढून यायचं असतं."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. ह्या वेळी वकील कोणाचा होता हे आधीच माहीत होतं.

धाकटी खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळा दिवस शाळेत घालवला तो कसा, ते तिचे सुजलेले डोळे सांगत होते. "तुझी खिडकी घे परत," ती म्हणाली. "मला नको. पंखा तसाही माझ्याच बाजूला जास्त लागायचा."

थोरलीने विचार केला. "राहू दे. मला आता वाट माहितीये. कुत्रं असतं तिकडे वळायचं."

"आणि कुत्रं नसेल तर, येडे?"

"तर विचारीन." मग चादरीचं एक टोक तिच्याकडे फेकून म्हणाली, "पण उशा पूर्वीसारख्या करायच्या. कपाट नाही उघडलं तर नाही उघडलं."

आम्ही पुन्हा पलंग फिरवले. तेव्हापासून आमच्या कपाटाचं दार अर्धंच उघडतं. कपडे काढायचे तर हात आत घालून चाचपडावे लागतात. धाकटी एकदा माझा झगा घालून शाळेत निघाली होती. आणि परवा भर रस्त्यात मी डॉक्टरांना ओरडले, "खिडकीकडे घ्या, खिडकीकडे!" त्यांनी बिचाऱ्यांनी काच खाली केली.

आत्याला फोन नवऱ्यानेच केला. मी ऐकत होते. पलीकडून आत्याचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक : "बरं झालं. मी तिची गादी उन्हात घातली होती, ती घेते आत." मी फोन हातात घेतला. मला पुष्कळ काही ऐकवायचं होतं, पद्धतीबद्दल वगैरे. तोंडातून निघालं ते भलतंच : "वन्सं, गादी बाहेरच राहू द्या. रविवारी येतो आम्ही चौघं. आणि मटार आणून ठेवा." आत्या म्हणाली, "वहिनी, गाडी कोण चालवणार? तू शेजारी बसणार असशील तर बसने या."

मंगळवारी थोरली निघाली. गाठ मोठीच होती. मी डॉक्टरांची शिकवणी संध्याकाळवर ढकलली होती, नवऱ्याने फोन करून ढकलली होती, हे जास्त खरं. मी टेबलापाशी चहा घेऊन बसले. चहा प्यायले नाही. बस आता कुठे असेल, पूल ओलांडला असेल, आता शेवटचा स्टॉप, आता चौक. माझ्या खुर्चीखालची फरशी इतर फरश्यांपेक्षा जरा खोल गेली आहे, असं धाकटी म्हणते. त्या सकाळी ती आणखी थोडी गेली असेल.

नवऱ्याने टेबलाखाली बघितलं. मग आपला बूट काढला, पाय पुढे केला आणि माझा उजवा पाय उचलून त्यावर ठेवला.

"इथे दाब," तो म्हणाला. "फरशी बदलायला माणूस मिळत नाही."